चकवणारी कोडी आणि विरोधाभास: वही-पेन्सिल घेऊन सोडवायची एक पद्धत

एक प्लेट तर्री पोहे आणि एक चहा मिळून ५० रुपये झाले. पोहे चहापेक्षा ३० रुपयांनी महाग. चहा केवढ्याचा?

मनात २० आलं असेल. बहुतेकांच्या मनात तेच येतं. पण चहा २० चा धरला तर पोहे ५० चे होतात आणि बिल ७० वर जातं. चहा १० चा आणि पोहे ४० चे, असं धरलं की सगळं जुळतं. हे कोडं मूळचं बॅट आणि चेंडूचं. मानसशास्त्रज्ञ शेन फ्रेडरिक यांनी २००५ साली तीन प्रश्नांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली, त्यातला हा पहिला प्रश्न. नावाजलेल्या विद्यापीठांतले पुष्कळ विद्यार्थीही त्यात चुकले. यातलं गणित शाळकरी पोराला जमेल असं आहे, पण आलेलं उत्तर परत प्रश्नात घालून बघायचं राहून जातं.

अशी कोडी म्हणजे नुसता वेळ घालवायचा खेळ, असं मला अजिबात वाटत नाही. लॅबचा रिपोर्ट वाचताना, क्लासच्या निकालाची जाहिरात बघताना, ‘मे महिन्यात ताप आला म्हणजे ऊनच लागलं’ असं म्हणताना आपण याच जागी घसरतो. कोड्यात ती घसरण सुरक्षितपणे बघता येते. म्हणून खाली जी पद्धत सांगतो आहे ती एकट्याने वाचून सोडून देऊ नका, घरच्यांना घेऊन बसा.

काय लागतं

पत्त्यांचा एक कॅट, सारखे दिसणारे तीन स्टीलचे डबे, एक वही, आणि दोन-चार माणसं. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कूलरसमोर पत्ते कुटणाऱ्या कुठल्याही घरात एवढं सामान आधीच असतं.

नियम एकच पाळा: उत्तर बोलायच्या आधी प्रत्येकाने ते आपापल्या कागदावर लिहायचं. घरात ज्याचं गणित चांगलं म्हणून नाव झालेलं असतं, त्याने एकदा ‘अर्धं-अर्धं’ म्हटलं की बाकीचे निमूटपणे त्याच्यामागे जातात. लिहिलेलं उत्तर मागे घेता येत नाही, आणि आपण नेमके कुठे फसलो हे नंतर दिसतं.

पहिली पायरी: आलेलं उत्तर प्रश्नात परत घाला

चहा-पोह्यांचं कोडं इथेच सुटतं. उत्तर सुचलं की ते बरोबर आहे असं समजून सगळ्या अटी एकेक करून तपासायच्या. दहा सेकंदांचं काम आहे. उत्तर जितकं झटकन सुचलं असेल, तितकी ही तपासणी जास्त गरजेची.

दुसरी पायरी: ‘जर-तर’ असेल तर ते कशाने मोडेल ते शोधा

चार कार्डं समोर ठेवा. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आहे, दुसऱ्या बाजूला अंक. वर दिसतंय: अ, क, ४, ७. दावा असा: ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतोच.’ दावा खरा आहे की नाही हे ठरवायला नेमकी कोणती कार्डं उलटावी लागतील?

पीटर वेसन यांनी १९६६ साली हा प्रश्न इंग्रजी अक्षरं घेऊन मांडला. तेव्हापासून तो असंख्य वेळा विचारून झाला आणि बरोबर उत्तर देणारे दर वेळी थोडेच निघाले. बहुतेक जण ‘अ आणि ४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ आणि ७’. ४ च्या मागे स्वर निघो वा व्यंजन, दाव्याला धक्का लागत नाही. व्यंजनामागे सम अंक नसतो असं कोणी म्हटलेलंच नाही. ७ च्या मागे मात्र स्वर निघाला तर दावा तिथेच संपला.

वहीत करायचं ते एवढंच: दावा मोडणारी जोडी कोणती ते एका ओळीत लिहा. इथे ती ‘स्वर आणि विषम’ अशी आहे. मग जे कार्ड त्या जोडीतलं असू शकतं तेवढंच उलटा.

आता तोच प्रश्न एसटीत नेऊ. एसटीत ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. बाकीच्या सवलती क्षणभर बाजूला ठेवा. म्हणजे तिकीट शून्याचं असेल तर वय ७५ च्या वर असायलाच हवं. गणेशपेठहून रामटेकला जाणाऱ्या गाडीत तपासनीस चढला. चार प्रवासी आहेत. एकाच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट आहे, दुसऱ्याच्या हातात पूर्ण पैशांचं. तिसरे आजोबा ८० वर्षांचे आहेत हे ओळखपत्रावर दिसतंय, चौथ्याचं वय ५०. पहिल्या दोघांचं वय माहीत नाही, पुढच्या दोघांचं तिकीट दिसलेलं नाही. तपासायचं कोणाला? इथे सहसा कोणी चुकत नाही: शून्याचं तिकीटवाला आणि पन्नाशीतला. ८० वर्षांच्या आजोबांनी पैसे देऊन तिकीट काढलं असलं तरी नियम मोडत नाही. रचना अगदी तीच, अवघडपणा मात्र गायब. रिचर्ड ग्रिग्ज आणि जेम्स कॉक्स यांनी १९८२ साली दारू पिण्याच्या वयाचा नियम घेऊन हेच दाखवलं. म्हणून कोरडं ‘जर-तर’ समोर आलं की त्याचा असा एखादा नियम बनवा ज्यात कोणीतरी लबाडी करू शकतं. डोकं आपोआप योग्य जागी बघू लागतं.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राने, ही चूक फार पूर्वी पकडलेली आहे. ‘डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे’ हे अनुमान चालतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी असतोच. दाखला स्वयंपाकघराचा. उलट बाजूचा दाखला सरोवराचा: जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही. आपण अंबाझरी तलाव घेऊ. पण ‘अग्नी आहे, म्हणून धूर असणार’ हे चालत नाही, आणि त्यासाठी नैयायिकांनी दिलेलं उदाहरण सुंदर आहे: तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का होतो? सरपण ओलं असतं म्हणून. ही दडून बसलेली जादा अट म्हणजे त्यांचा ‘उपाधी’. चूल फुंकलेल्या कोणालाही हे वेगळं समजवायला नको.

ऊन लागलं तर ताप येतो, हे खरं. पण ताप आला म्हणजे ऊनच लागलं, हे लोखंडाच्या गोळ्यापाशी अडतं. मलेरिया आणि टायफॉइड मे महिना बघून थांबत नाहीत.

तिसरी पायरी: टक्के बाजूला ठेवा, माणसं मोजा

एक आजार हजारात एकाला होतो. त्याची चाचणी आजारी माणसाला कधीच सोडत नाही, पण निरोगी माणसांतल्या ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. वस्तीतल्या सगळ्यांची तपासणी झाली, तुमचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. लक्षण काहीच नाही. तुम्हाला तो आजार असण्याची शक्यता किती?

अशाच प्रश्नावर हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांची उत्तरं १९७८ साली प्रसिद्ध झाली. बरोबर उत्तर ११ जणांचं होतं. सगळ्यांत जास्त आलेलं उत्तर ९५ टक्के.

वहीत १००० माणसं मांडा. आजारी १, तो पॉझिटिव्ह. उरले ९९९, त्यांचे ५ टक्के म्हणजे जवळपास ५०, तेही पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह रिपोर्टवाले एकूण ५१, त्यांत खरा आजारी एक. शक्यता सुमारे २ टक्के. सूत्र कुठेही लागलं नाही. गेर्ड गिगरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने आग्रहाने हेच दाखवून दिलं, की टक्क्यांऐवजी माणसांच्या संख्येत माहिती दिली की लोकांना हिशेब जमतो.

पण इथे एक गोष्ट विसरू नका. तुम्हाला त्रास होतोय आणि डॉक्टरांनी लक्षणं पाहून चाचणी लिहून दिली, तर तुम्ही वरच्या १००० जणांतले उरत नाही. तुमच्यासारखी लक्षणं असलेल्यांत हा आजार हजारात एकाला नसून कितीतरी जास्त जणांना असतो, आणि मोजणी तिथून सुरू करावी लागते. ‘पॉझिटिव्ह आला तरी दोनच टक्के’ असं पाठ करून रिपोर्ट खिशात घालून ठेवणं धोक्याचं आहे. मोजणी कोणत्या गटापासून सुरू करायची, हाच खरा प्रश्न.

गट चुकला की काय होतं, हे बघायला दोन क्लास घ्या. दोघांकडे १००-१०० विद्यार्थी. पहिल्या क्लासचा निकाल ५० टक्के, दुसऱ्याचा ७० टक्के. मुलाला कुठे घालाल? आता आतले आकडे:

पहिला क्लास: आधीपासून हुशार २०, त्यांतले पास १८. कच्चे ८०, त्यांतले पास ३२.
दुसरा क्लास: आधीपासून हुशार ८०, त्यांतले पास ६४. कच्चे २०, त्यांतले पास ६.

हुशार मुलांत पहिला क्लास ९० टक्के, दुसरा ८०. कच्च्या मुलांत पहिला ४०, दुसरा ३०. दोन्ही गटांत पहिला क्लास सरस, आणि एकूण निकालात वीस टक्क्यांनी मागे! कारण त्याने कच्ची मुलं जास्त घेतली. हे आकडे समजावण्यासाठी मी तयार केलेत, पण गोष्ट खऱ्या जगात घडते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. विभागवार बघितल्यावर तो भेद बहुतेक ठिकाणी दिसेना. ज्या विभागांत प्रवेश मिळणं मुळातच अवघड, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. नागपुरात क्लासच्या निकालांचे फलक चौकाचौकांत लागतात. पुढचा फलक दिसला की ‘आत घेतले कोण होते?’ एवढं विचारा.

वाढदिवसाचं कोडंही याच पायरीवर सुटतं. २३ जण जमले तर त्यांत कोणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या किंचित वर जाते. आपण मनात ‘माझ्याशी जुळणारा’ शोधतो, त्या जोड्या २२ च. मोजायला हव्यात सगळ्या जोड्या, आणि त्या भरतात २५३.

चौथी पायरी: माहिती कोणत्या वाटेने आली ते विचारा

या सगळ्या पद्धतीतली सर्वांत मोलाची पायरी ही, आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारीही हीच.

तीन डबे घ्या. एकात संत्रा बर्फी, दोन रिकामे. एक जण यजमान, बर्फी कुठे आहे हे फक्त त्यालाच माहीत. तुम्ही एका डब्यावर हात ठेवता. यजमान उरलेल्या दोनांतला एक रिकामा डबा उघडून दाखवतो आणि विचारतो, ‘बदलणार का?’

आमच्या घरी हा डाव मांडला तेव्हा मावशी ठाम होती. ‘दोनच डबे उरले ना बाप्पा, मग काऊन बदलू मी?’ तिला समजावत बसण्यात अर्थ नव्हता. भाच्याने वहीत दोन रकाने पाडले, ‘बदललं’ आणि ‘नाही बदललं’, आणि जिंकलेल्या प्रत्येक डावाला एक उभी रेघ, पाचवी आडवी. मावशीने हट्टाने एकदाही बदललं नाही, भाच्याने दर वेळी बदललं. पान भरत आलं तेव्हा एका रकान्यात गठ्ठे दाटीने उभे होते आणि दुसरा विरळ होता. मावशीने चष्मा लावून दोन्ही रकाने स्वतः मोजले, आणि मग तिनेच विचारलं, ‘पण हे होतं कसं?’ माझ्या मते शिकणं इथून सुरू होतं. आधी रेघा दिसू द्या, कारण नंतर सांगा.

कारण असं. ३०० डाव कल्पा, तुमचा हात नेहमी पहिल्या डब्यावर. १०० वेळा बर्फी पहिल्यात असेल, १०० वेळा दुसऱ्यात, १०० वेळा तिसऱ्यात. बर्फी पहिल्यात असली तर बदलून नुकसान. दुसऱ्यात असली तर यजमानाला तिसराच उघडावा लागतो, बदललं की जिंकलात. तिसऱ्यात असली तरी तसंच. म्हणजे ३०० पैकी २०० वेळा बदलणारा जिंकतो.

हा प्रश्न अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्विन यांनी १९७५ साली मांडला, पण गाजला १९९० साली, अमेरिकन सदरलेखिका मेरिलिन वॉस साव्हंट यांनी आपल्या सदरात ‘बदला’ असं उत्तर दिलं तेव्हा. सुमारे दहा हजार पत्रं आली, बहुतेक त्यांना चूक ठरवणारी, आणि त्यांतली हजारभर पीएच.डी. झालेल्यांची. पॉल एर्डिशसारख्या थोर गणितज्ञालाही ते आधी पटलं नव्हतं. संगणकावर डाव खेळून दाखवले तेव्हा त्यांनी मानलं. मावशी एकटी नाही.

आता खरी गंमत. यजमानालाही बर्फी कुठे ते माहीत नाही, असा बदल करा. तो उरलेल्या दोनांतला कोणताही एक डबा अंदाजाने उघडतो, आणि तो रिकामा निघतो. बदलायचं का? परत ३०० डाव. बर्फी पहिल्यात, ते १०० डाव: काहीही उघडलं तरी रिकामंच. बर्फी दुसऱ्यात, ते १०० डाव: ५० वेळा तो चुकून बर्फीच उघडेल आणि डाव रद्द होईल, ५० वेळा तिसरा उघडेल. तिसऱ्याचंही तसंच. उरले २०० डाव. त्यांत १०० वेळा बर्फी तुमच्या हाताखाली, १०० वेळा दुसरीकडे. आता मात्र खरोखरच अर्धं-अर्धं!

डोळ्यांना दिसलं ते दोन्ही वेळा सारखंच, एक रिकामा डबा. फरक पडला तो उघडणाऱ्याला काय ठाऊक होतं त्यामुळे. म्हणून वहीत दर कोड्याखाली एक ओळ सक्तीची ठेवा: ‘हे मला कसं कळलं, आणि दुसरं काय कळू शकलं असतं?’

तीच ओळ घेऊन पुढचं बघा. धरमपेठेत नवे शेजारी आलेत, त्यांना दोन मुलं. तुम्ही विचारलंत, ‘एक तरी मुलगी आहे का?’ ते ‘हो’ म्हणाले. दोन्ही मुली असण्याची शक्यता? मुलगा-मुलगी होण्याची शक्यता सारखी धरून अशी ४०० कुटुंबं घ्या: १०० कडे दोन मुली, १०० कडे दोन मुलगे, २०० कडे एक-एक. ‘हो’ म्हणणारी ३००, त्यांत दोन मुलींची १००. उत्तर एक तृतीयांश. पण तुम्ही काही विचारलंच नाही, फक्त दोनांतलं कोणतंही एक मूल जिन्यात भेटलं आणि ती मुलगी निघाली, तर? दोन मुलींच्या १०० घरांत मुलगीच भेटणार. एक-एक असलेल्या २०० घरांत १०० वेळा. एकूण २००, त्यांत १००. उत्तर अर्धं. या कोड्यावर लोक तासन्‌तास भांडतात आणि दोन्ही बाजूंचं गणित बरोबर असतं. माहिती कशी मिळाली हे कोणी विचारलेलं नसतं.

याच ओळीने तत्त्वज्ञ कार्ल हेम्पेल यांचा १९४० च्या दशकातला विरोधाभासही पुष्कळसा उलगडतो. ‘सगळे डोमकावळे काळे असतात’ हे विधान घ्या. (आपल्या गावकावळ्याची मान राखाडी असते, म्हणून डोमकावळा.) दुसऱ्या पायरीतल्या सरोवराच्या नियमाने याचाच अर्थ ‘जे काळं नाही ते डोमकावळा नाही’. मग केशरी संत्रं हा त्याचा पुरावा झाला. म्हणजे कळमन्याच्या बाजारात उभं राहून पक्षिशास्त्र करता येईल? विचित्र वाटतं. पण विचारा, ते संत्रं समोर कसं आलं? तुम्ही संत्र्यांच्या ढिगातूनच उचललंत तर तो डोमकावळा निघायची शक्यताच नव्हती, विधान मोडूच शकलं नसतं, आणि पुरावा काहीच मिळाला नाही. याउलट जगातल्या काळ्या नसलेल्या वस्तूंतून डोळे मिटून एक उचलली असती, तर ती पांढरा डोमकावळा निघू शकली असती. तसं झालं नाही, म्हणून विधानाला आधार मिळाला; जगात अशा वस्तू अफाट आहेत, त्यामुळे तो अगदी कणभर. सगळ्या तत्त्वज्ञांना एवढ्यावर समाधान नाही, पण मला ही दिशा पटते.

मोजून सुटत नाही, तेव्हा

इथवरची सगळी कोडी एका जातीची. आपला अंदाज चुकतो आणि मोजणी त्याला सरळ करते. दुसरी जात वेगळी. अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइन यांनी १९६० च्या दशकात विरोधाभासांचे तीन प्रकार पाडले: निष्कर्ष विचित्र पण खरा, निष्कर्ष खोटा आणि तर्कात चूक दडलेली, आणि तिसरा, ज्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या खरं धरलेलं काहीतरीच सोडावं लागतं. हातातलं कोडं कुठल्या प्रकारातलं हे ठरवायचा माझा रिवाज सोपा आहे: डबे, पत्ते किंवा माणसं घेऊन ते करून बघता येतं का? येत असेल तर वाद थांबवून करून बघा. येत नसेल तर वहीचं नवं पान घ्या, सगळी गृहीतकं एकाखाली एक लिहा, आणि कोणतं सोडल्यावर गाठ सुटते ते बघा. सोडल्यावर काय गमवावं लागलं, तेही शेजारी लिहा.

‘हे वाक्य खोटं आहे.’ खरं धरा, तर ते खोटं ठरतं. खोटं धरा, तर खरं. इथे एक सापळा आधी टाळा. क्रीटचा एपिमेनिडीस म्हणाला, ‘क्रीटचे सगळे लोक खोटारडे’, हे याचंच उदाहरण म्हणून सांगतात. पण ‘सगळे नेहमी खोटं बोलतात’ हे खोटं ठरलं तर एवढंच निघतं की कोणीतरी एक कधीतरी खरं बोलतो. तो दुसराच कोणी असू शकतो. विरोधाभास तिथे घट्ट बसत नाही. ‘सगळे’ चं उलट ‘कोणीच नाही’ असं नसतं, ‘एखादा तरी तसा नाही’ असं असतं. ही चूक पुन:पुन्हा होते, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

भर्तृहरीने वाक्यपदीय या व्याकरणावरच्या ग्रंथात ‘सर्वं मिथ्या ब्रवीमि’, मी सगळं खोटं बोलतो, हे वाक्य घेतलं आहे. त्याचं म्हणणं असं, की बोलणाऱ्याला त्यात हे वाक्य स्वतः धरायचं नसतं. धरलं तर सांगायचा अर्थच पोचणार नाही. सोडलेलं गृहीतक: वाक्य स्वतःबद्दलही बोलू शकतं. विसाव्या शतकात आल्फ्रेड तार्स्की यांनी वेगळ्या वाटेने जवळपास इथेच येऊन सांगितलं, की एखाद्या भाषेतल्या वाक्यांचं खरेखोटेपण त्या भाषेच्या वरच्या पातळीवरून बोलावं. किंमत दोघांनाही मोजावी लागते: ‘हे वाक्य मराठीत आहे’ हेही स्वतःबद्दलच बोलतं आणि त्यात काही बिघडत नाही, मग सरसकट बंदी का?

रामटेकजवळची एक टेकडी बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या नावाने ओळखली जाते, तो तिथे राहत होता अशी परंपरा आहे. सगळं शून्य आहे, म्हणजे कशालाच स्वतःचं स्वतंत्र अस्तित्व नाही, असं त्याचं सांगणं. त्याच्यावरचा आक्षेप याच धाटणीचा होता: सगळंच शून्य असेल तर तुझं हे विधानही शून्य, मग ते कशाचं खंडन करणार? विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात त्याचं उत्तर येतं, की माझी मुळात कोणती प्रतिज्ञाच (म्हणजे सिद्ध करायचं विधानच) नाही. त्याने सोडलेलं गृहीतक भर्तृहरीपेक्षा निराळं आहे: प्रत्येक बोलणं म्हणजे एक दावा असतो, हे. रामटेकला जाल तेव्हा यावर जरूर बोला.

सलूनवाल्याचं कोडं मात्र या जातीतलं वाटतं आणि नसतं. गावात जे स्वतःची दाढी करत नाहीत त्या सगळ्यांची, आणि फक्त त्यांचीच, दाढी तो करतो. मग त्याची दाढी कोण करतं? उत्तर: असा सलूनवाला असूच शकत नाही. संपलं. बर्ट्रांड रसेल यांना १९०१ साली सापडलेला संचांचा विरोधाभास (जे संच स्वतःचे घटक नाहीत, त्या सगळ्यांचा संच स्वतःचा घटक असतो का?) याच बांध्याचा, पण तिथे ‘असा संच नाही’ म्हणणं महाग पडलं, कारण गणिताचा पायाच त्यावर उभारला जात होता. त्यांनी १९०२ साली तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे यांना पत्राने ते कळवलं, तेव्हा फ्रेगे यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता.

आणि शेवटचं, शाळकरी मुलांना फार आवडणारं. बाई शनिवारी म्हणाल्या, ‘पुढच्या आठवड्यात एक दिवस परीक्षा घेईन, पण कोणत्या दिवशी ते आदल्या संध्याकाळपर्यंत तुम्हाला कळणार नाही.’ पोरांनी तर्क केला: शनिवारी होणार नाही, कारण शुक्रवारी संध्याकाळी कळेलच. शनिवार गेला, मग शुक्रवारही नाही. असं करत सगळे दिवस खोडले. बुधवारी परीक्षा झाली, सगळे चकित, आणि बाईंचा शब्द खरा! चूक कुठे झाली यावर अजून एकमत नाही. पण गृहीतकं लिहिण्याआधी अशा कोड्याचं सगळ्यांत लहान रूप करून बघायची सवय लावा. एकच दिवस ठेवा: ‘उद्या परीक्षा आहे, आणि ती आहे हे तुम्हाला आज कळणार नाही.’ यावर विश्वास ठेवला तर ते खोटं होतं. ठेवला नाही तर खरं होऊ शकतं. म्हणजे विधान खरं असूनही ऐकणाऱ्याला ते ‘माहीत’ असू शकत नाही. पोरांनी पहिल्याच ओळीत ‘बाईंचं म्हणणं खरं आहे हे आपल्याला नक्की माहीत आहे’ असं धरलं होतं. क्वाइन यांनी १९५३ साली साधारण इथेच बोट ठेवलं, आणि मलाही गाठ इथेच दिसते.

आता एक तुमच्यासाठी, जोसेफ बर्ट्रांड या फ्रेंच गणितज्ञाने १८८९ साली दिलेलं, पत्त्यांत बसवून. तीन पाकिटं घ्या. एकात दोन काळी पानं, एकात दोन लाल, एकात एक काळं आणि एक लाल. पाकिटं मिसळा, कोणतंही एक उचला, न बघता त्यातलं एक पान काढा. काळं निघालं. त्याच पाकिटातलं दुसरं पानही काळं असण्याची शक्यता किती? आधी सगळ्यांनी उत्तर लिहा. मग पाकिटं न मोजता पानं मोजा. तरीही अर्धं येत असेल, तर चौथ्या पायरीतली सक्तीची ओळ लिहा आणि साठेक वेळा पान काढून रेघा ओढा. लाल निघालं तर तो डाव धरू नका.